चौथ्या सुराची जागा

शत्रुघ्न मेस्त्री दर शुक्रवारी दोन बस बदलून सुलैबियाहून फहाहिलला यायचे, तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट असायचा आणि पेन्सिल कानावर नसून खिशात असायची. सव्वीस वर्षांची कानाची सवय त्यांनी या एका इमारतीपुरती मोडली होती. फॅमिलीवाल्यांच्या इमारतीत एकटा कामगार शिरताना दिसला की राखणदार, म्हणजे हारिस अफताब, खुर्चीतून उठतो. आणि अफताबला खुर्चीतून उठवण्याचं पाप सहसा कोणी अंगावर घेत नाही.

मेस्त्रींना कुडाळकडे गावी बायको होती, लग्नाला आलेली मुलगी अक्षदा होती, तरी कुवेतच्या भाषेत ते बॅचलर. बायको इथे नाही ना, मग बॅचलर. "सव्वीस वर्सां संसार करून बॅचलर रवलेलो मीच," असं ते स्वतःच सांगत आणि ऐकणारा हसायच्या आत स्वतः हसून घेत. ती हसण्याची घाई बघितली की कळायचं, हा विनोद त्यांनी पहिल्यांदा केला तेव्हा कोणाला हसू आलं नसावं.

सुलैबियाच्या एका फर्निचरच्या कारखान्यात ते सुतारांचे मुकादम. तिथे दिवाणियातले, म्हणजे अरबांच्या पुरुषी बैठकीतले, सोफे बनतात, सिंहाच्या पंजाचे पाय असलेले, वर सोनेरी रंग. त्या सिंहांबद्दल मेस्त्रींचं मत काय होतं ते छापण्यासारखं नाही. लाकडाला रंग फासणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं, एवढंच सभ्य भाषेत सांगता येईल. पण पंजे त्यांच्याइतके देखणे कोणाला कोरता येत नसत, त्यामुळे मुकादमकी त्यांच्याकडेच राहिली आणि सिंहही.

तरुणपणी ते गावच्या दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवायचे. राजा आणि राक्षस लढायला लागले की पेटीवाल्याने तेच चार सूर धरून बसायचं. राजा दमेपर्यंत. एखादा राजा हौशी निघाला तर अर्धा तास. लोक राजाकडे बघतात, राक्षसाकडे बघतात, पेटीवाल्याकडे कोणी बघत नाही. तो चुकला तरच माना वळतात. लग्न झालं, घरावर छप्पर घालायचं निघालं आणि पेटीवाला कुवेतला आला. त्यानंतर पेटी कधी हातात आली नाही, असं ते म्हणत. आता तुम्ही म्हणाल, मग शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते जात कुठे होते? तर पेटी करायलाच.

त्याचं असं झालं. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत सलील नावाचा एक इंजिनियर होता, नाशिकचा. गणपतीत मेस्त्रींनी केलेलं मखर त्याने बघितलं. सगळे आरतीला उभे, आणि हा पठ्ठ्या वाकून मखराच्या मागे. एकही खिळा न मारता सांधे कसे बसवले ते शोधत होता. आरती संपली तरी उठेना. त्याच दिवशी त्याने मेस्त्रींना घरी बोलावलं. तिथे तीन खोकी दाखवली, परदेशातून आलेली, आणि सोबत चाळीस पानांची पुस्तिका. त्यात एका वाद्याचे सुटे भाग होते. हार्पसिकॉर्ड. दिसायला लांबुडक्या पियानोसारखं, पण पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथे प्रत्येक पट्टीमागे एक लाकडी काडी उभी आणि काडीला नखी. पट्टी दाबली की काडी वर उडते आणि नखी तार छेडते. म्हणजे बोटं पेटीवाल्याची आणि आवाज सतारीच्या माहेरचा.

ते हवं होतं सलीलच्या बायकोसाठी. नीरजावहिनी लहानपणी नाशिकला एका ननकडे पियानो शिकल्या होत्या. इथे घरी विजेवरचा कीबोर्ड होता, त्यावर इमारतीतल्या पोरांना शिकवायच्या. पण पोरं गेली की स्वतःसाठी एकच गोष्ट वाजवायच्या, तीनशे वर्षांपूर्वीचं एक नाचाचं संगीत. शकॉन म्हणतात त्याला. आणि वाजवून झालं की दर वेळी म्हणायच्या, हे या डब्यावरचं नाही, हे छेडलेल्या तारेवरचं आहे. अठरा वर्षं एकच तक्रार ऐकल्यावर दुसरा एखादा नवरा बहिरा झाला असता. सलीलने खोकी मागवली.

मग दोन वर्षं शुक्रवार. रिफायनरीतले पाइप सलीलला वचकून असत म्हणे, पण करवत हातात आली की तीच त्याला हाकायची. पहिल्याच शुक्रवारी त्याने घरच्या जेवणाच्या टेबलाचा कोपरा कापला. मेस्त्रींनी तेव्हापासून त्याला मोजमापं वाचायला बसवलं. साहेब वाचणार, मेस्त्री कापणार. इमारतीत मात्र चर्चा जोरात. कोणी म्हणे इस्त्रीचं टेबल, कोणी म्हणे पाळणा, आणि मग वहिनींचं वय आठवून सगळे गप्प. शेवटी शेजारच्या जमिलाभाभी, खेडच्या, वाटीभर साखर मागायचं निमित्त करून आत शिरल्या. साखर विसरल्या, पण बसल्या त्या बसल्या. पुढे दर शुक्रवारी सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन यायच्या आणि बिया फोडत मेस्त्रींच्या कामावर देखरेख करायच्या.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर वहिनींनी मेस्त्रींना तो शकॉन समजावून सांगितला. डावा हात खाली चार सूर उतरतो. सा, मग कोमल नी, कोमल ध, आणि प. तिथे पोचला की परत वरून. शेवटपर्यंत तेवढंच. उजव्या हाताने त्यावर दर वेळी नवं काहीतरी करायचं, कधी हळू, कधी पळत, कधी नुसतं एका सुराभोवती घुटमळत. मेस्त्रींनी घास गिळला आणि म्हणाले, म्हणजे खालचो हात पेटीवालो आणि वरचो राजा. सलील इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाला, बरोब्बर, आणि मेस्त्री, आपण दोघं खालच्या हातातले.

ते वाक्य मेस्त्रींनी कारखान्यात कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण सुलैबियाच्या खोलीत पाच जणांत आडवं पडल्यावर ते कधी कधी मनात म्हणून बघत.

तारा चढवायला घेतल्या तेव्हा एप्रिल लागला होता. निम्म्या चढल्या. पुढच्या बुधवारी सलील कामावर असतानाच छातीत दुखून कोसळला. बावन्न वर्षांचा माणूस, दवाखान्यात पोचायच्या आत संपला. ज्या वाद्यासाठी दोन वर्षं घातली त्याचा एकही सूर त्याने ऐकला नाही.

वहिनी त्याला घेऊन नाशिकला गेल्या. मुलगा नचिकेत कॅनडाहून तिथेच आला. इकडे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बायकोचा इकामा, नवरा गेला की तिनेही जायचं. कागदपत्रं आवरायला ऑगस्टअखेरपर्यंत मुदत मिळाली. जाताना त्यांनी किल्ली मेस्त्रींच्या हातात दिली. एवढंच म्हणाल्या, की उरलेल्या तारा चढवून ठेवा. ऑगस्टात येईन, एकदा वाजवीन, मग ते इथल्या कोणा शिकवणाऱ्या बाईंना देऊन टाकीन. नाशिकला न्यायचं नाही. पण एकदा त्याच्यावर ते वाजायला हवं.

एकदा. मेस्त्रींनी तो शब्द धरून ठेवला. जूनअखेर सगळ्या तारा चढल्या, खुंट्या पिळून सूर जागेवर आले. सलीलने सूर लावायचं यंत्र आणून ठेवलं होतं, मेस्त्रींनी त्याला हात लावला नाही, कानाने लावले. जमिलाभाभी राखणीला होत्याच. विधवेच्या रिकाम्या घरात बॅचलर एकटा नको, असं त्यांनीच ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर शुक्रवारी त्यांना दुसरं काही कामही नसायचं. मेस्त्रींनी ते चार सूर हळूच वाजवून बघितले. एकदाच. पुढे वाजवायचा त्यांना अधिकार नव्हता, असं त्यांना वाटलं.

आता जे झालं ते सांगताना जीभ अडखळते, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जुलैचा दुसरा शुक्रवार. बाहेर पन्नास अंश. मोबाइलवर वीज वाचवा, वीज वाचवा असे निरोप येत होते. भाभी भाचीकडे गेल्या होत्या. मेस्त्री एकटेच वर गेले, वाद्यावरची धूळ पुसली, निघाले. खाली अफताब चक्क उभा होता. म्हणाला, ज्यांची घरं बंद आहेत त्यांनी एसी बंद करावेत, मालकांचा निरोप आहे. मेस्त्री पुन्हा वर गेले. दारात उभं राहून त्यांनी तो थंड, रिकामा दिवाणखाना बघितला. त्यांच्या खोलीत पाच माणसं आणि खोकणारा एक खिडकीतला एसी. शेवटी बाहेर पडणारा दिवा, पंखा, एसी बंद करून निघतो, ही तिथली सव्वीस वर्षांची शिस्त, आणि ती लावली कोणी, तर मेस्त्रींनीच. माणूस नाही तिथे थंडावा कोणासाठी? त्यांनी बटण दाबलं, गॅस बघितला, नळ बघितले आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात खाली उतरले.

सलीलने त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी, पहिली फळी चिकटवली त्या दिवशी तो म्हणाला होता, या खोलीतला एसी कधी बंद करायचा नाही. मेस्त्रींना वाटलं, साहेबाला उकडतं. उकडायचंच त्याला, जिना चढून आला की पंख्याखाली मिठी मारल्यासारखा उभा राहायचा. आणि हेही खरं, की फेविकॉल नको, जुन्या पद्धतीने हाडांचा सरसच वापरायचा, हा हट्ट सलीलचा होता. पण सरस उष्णतेने मऊ होतो हे साहेबाने सुताराला सांगायचं की सुताराने साहेबाला?

पुढच्या शुक्रवारी भाभींना घेऊन त्यांनी दार उघडलं. नाकाला वास आधी आला. सरस शिजवताना येतो तो, जुन्या हाडांचा. मेस्त्री आत गेले नाहीत, उंबरठ्यावरच उभे राहिले. काय झालंय ते त्यांना न बघताच कळलं होतं. खालच्या सुरांकडची, तारा पेलणारी घोडी तबलीवरून, म्हणजे आवाज धरणाऱ्या फळीवरून, उचलली गेली होती, तारा सैल लोंबत होत्या, आणि पातळ तबलीला मनगटापासून कोपरापर्यंतच्या लांबीची चीर गेली होती.

भाभींनी तोंड उघडलं आणि मिटलं. अशा वेळा त्यांच्या आयुष्यात थोड्या आल्या असतील.

मेस्त्रींनी दाढ दुखते म्हणून सांगून कारखान्यातून चार दिवस रजा काढली. चीर उघडून तीत देवदाराची केसाएवढी चीप बसवली, मागून पट्ट्या लावल्या, घोडी परत चिकटवली, वजनं ठेवून वाट बघितली. एकेक तार पुन्हा ताणली. सगळ्या धरल्या, एक सोडून. ती नेमकी चिरेच्या डोक्यावर येत होती. तिला ताण दिला की घोडी पुन्हा सुटायला बघायची. तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा केलं असतं तर बाकीचं हातचं गेलं असतं. नवी तबली घालायची तर सहा महिने, आणि ऑगस्ट तोंडावर आला होता. त्यांनी ती तार काढून गुंडाळली आणि खिशात ठेवली.

ती खालच्या प ची तार होती.

वहिनी आल्या त्या वाळून आल्या होत्या. त्यांनी तबलीवरची चीर बोटाने चाचपली आणि काय झालं म्हणून विचारलं. मेस्त्री म्हणाले, करंट गेलो होतो. एसी बंद पडलो. शब्द तोंडातून असे सरळ निघाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. भाभी खिडकीबाहेर बघायला लागल्या. वहिनींनी मान हलवली. विजेपुढे कोण काय करणार, म्हणाल्या, आणि उलट मेस्त्रींचीच समजूत घातली, तुम्ही होतात म्हणून एवढं तरी उभं आहे. चहा केला. त्या चहाचा एकेक घोट मेस्त्रींनी कसा उतरवला ते त्यांनाच ठाऊक.

पंधरा दिवसांत घर खोक्यांत गेलं. रविवारचं विमान होतं, म्हणून शेवटचा शुक्रवार वाजवायला ठरला. दुपारी मेस्त्री आले तेव्हा खोलीत खुर्ची एकच उरली होती, ती वाद्यापुढे. भाभी एका खोक्यावर बसल्या, मेस्त्री भिंतीशी जमिनीवर. त्यांनी आधीच सुचवून बघितलं होतं, की वयनी, पट्टी बदला, पांढरी चारला सा धरा, म्हणजे ती मुकी पट्टी मधे येणारच नाही. वहिनी म्हणाल्या होत्या, अठरा वर्षं बोटं याच जागी पडतायत, आता दोन दिवसांत त्यांना कुठे नवं घर शोधून देऊ. वरच्या सप्तकातला प घेऊन बघितला, तर डावा हात उतरता उतरता एकदम उडी मारायचा. तोही नको झाला.

त्यांनी सुरुवात केली. सा. नी. ध. आणि मग पट्टी दाबल्याचा लाकडी टक्, त्यावर काहीच नाही. परत सा. नी. ध. टक्.

उजवा हात वर चालायला लागला. आवाज मेस्त्रींनी कल्पना केली होती त्याहून कोरडा होता आणि त्याहून सुंदर होता. चांदीची साखळी कोणीतरी लाकडावर हळूहळू सोडावी तसा. पण दर चार सुरांनी ती जागा येत होती. वर राजा किती का नाचो, खाली जिना उतरायचा आणि शेवटच्या पायरीवर पाय पोकळीत पडायचा. एखादी चूक माणसाच्या हातून एकदा होते, रडतो, विसरतो. ही फिरून फिरून येत होती, तालात, मोजून मापून, चुकायचं नाव नाही. मेस्त्रींनी दोन्ही पंजे जमिनीवर टेकवले. सातव्या की आठव्या फेरीला, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्यांच्या गळ्यातून तो सूर निघाला. खर्जातला प. पेटीवाल्याची खोड, रिकामी जागा सोसत नाही. पुढच्या फेरीला परत निघाला, जरा मोठ्याने.

वहिनी थांबल्या. वळल्या नाहीत.

"नको, मेस्त्री. विजेनं गिळलाय तो सूर, तुम्ही का भरताय?"

भाभींनी हातातली बी न फोडता पुडीत परत टाकली.

"करंट गेलोच नव्हतो, वयनी," मेस्त्री म्हणाले. "एसी मीच बंद केलंय. जाताना. घरात कोण नाय म्हणून."

आता त्या वळल्या. रागावतील असं मेस्त्रींना वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसं.

"पंधरा दिवस मी त्या विजेला शिव्या देतेय."

"होय."

"सलील असता, तर त्याला सांगितलं असतंत?"

मेस्त्रींनी विचार करायला वेळ घेतला नाही. "साहेबांका त्याच घडीक फोन केलो असतो."

"मग मला का नाही?"

हा प्रश्न मात्र मेस्त्रींनी ऐकला आणि मान खाली घातली. गावी आई गेली तेव्हा ती बातमी त्यांना घरच्यांनी अकरा दिवसांनी कळवली होती. तो लांब आहे, एकटा आहे, सोसणार नाही, म्हणून. त्या अकरा दिवसांचा राग त्यांनी कित्येक वर्षं पोसला होता. आणि वेळ आल्यावर त्यांनीही तेच केलं होतं.

"तुमच्याकडे ह्या एकच उरलेला," ते शेवटी म्हणाले. "ता पण मीच मोडलंय, ह्या कसा सांगू?"

वहिनी बरं म्हणाल्या नाहीत, असू दे म्हणाल्या नाहीत. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर माणसं जे चार शब्द बोलतात त्यातला एकही त्यांनी उच्चारला नाही. पदराने हात पुसले, वळल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.

या वेळी त्या मधे कुठे थांबल्या नाहीत. सा, नी, ध, आणि ती जागा. मेस्त्रींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. ही शिक्षा होती की माफी, ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही विचारायला संधी मिळाली नाही. त्यांनी फेऱ्या मोजायला सुरुवात केली, वीसच्या पुढे मोजणं सुटलं. मधे एकदा वरचा हात फार हळू झाला, जवळजवळ थांबला, आणि खालचा तसाच उतरत राहिला. तेव्हा भाभींनी डोळ्याला ओढणी लावली. जमिलाभाभींना कोणी रडताना पाहिलेलं नाही, आणि त्यांना विचाराल तर अजूनही नाहीच म्हणतील.

शेवटची फेरी आली. सा. नी. ध. टक्. आणि मग शेवटचा सा, एकटा, मोठा, खालचा. वहिनींनी त्या पट्टीवर बोट दाबून धरलं. बोट उचललं की तार गप्प होते या वाद्यात. धरून ठेवलं तर ती आपली आपण विरत जाते. ती विरली. पार विरली, खोलीत नुसता एसी उरला. बोट तसंच पट्टीवर होतं. मेस्त्रींना सुलैबियाची बस पकडायची होती, पण त्यांना उठवेना.